भाऊजी, तुमची लोखंडी नाव

भाऊजी, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि लोकांनी तुमचा स्वभाव सुधारायला सुरुवातही केली आहे. परवा कॉलनीतल्या एक बाई अक्काला भेटायला आल्या होत्या. जाता जाता मला म्हणाल्या, "साहेब बोलायला कडक, पण आतून लोणी होते हो." मी म्हटलं, मी इतकी वर्षं या घरात येते, मला काही ते लोणी दिसलं नाही. बाई अर्धा चहा तसाच ठेवून उठल्या. अक्का माझ्यावर रागावली नाही. कप उचलून आत गेली.

तेव्हाच मी ठरवलं की तुमच्याबद्दल कुणीतरी खरं बोललं पाहिजे आणि ते मीच बोलावं. अक्काची बहीण, तुमची मेहुणी म्हणून माझा तेवढा हक्क आहे. तुम्ही तरी माझ्याबद्दल माझ्या तोंडावर काय कमी बोललात? धारची पंडितीण म्हणायचात मला. आमच्या घराण्यानं संस्थानच्या कचेरीत बसून नुसते कागद काळे केले आणि त्यातल्या शेवटच्या पिढीला साधा फ्यूज बांधता येत नाही, असं तुम्ही माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला, पानावर बसून, सगळ्यांसमोर म्हणाला होतात. वर आणखी खीर मागितलीत.

तुम्ही सोलापूरकडचे. डिप्लोमा झाल्यावर दोनेक वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजांचे पत्रे जोडायचं काम केलंत आणि मग देवासच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलात. त्या दोन वर्षांच्या भांडवलावर तुम्ही पुढचं सगळं आयुष्य काढलंत. माळव्यात समुद्र नाही, याबद्दल तुम्ही आम्हाला कधी माफ केलं नाही. जणू तो आम्हीच कुठेतरी विकून खाल्ला होता. भाजीवाला असो की बँकेतला माणूस, तुम्ही त्याला गोदीत असतास तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं, असं सांगून मोकळे व्हायचात. आणि घरी अक्का. तिच्या हातून भांडं पडलं की तुम्ही आतल्या खोलीतून एकच शब्द ओरडायचात, "बस!" म्हणजे काम थांबव, जिथे आहेस तिथे खाली बस आणि मी येऊन सांगेपर्यंत हलू नकोस. ती बसायची. पन्नाशी उलटलेली, दोन मुलांची लग्नं करून मोकळी झालेली बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहायची. मी एकदा तिला हात धरून उठवायला गेले तर ती मलाच म्हणाली, "राहू दे, शालू. आत्ता येतील."

ही झाली प्रस्तावना, आता नावेचं सांगते. कारण तुमच्या नावावर जमा होण्यासारखं एवढंच एक आहे, आणि तेही लोक चुकीचं सांगतात.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी धार जिल्ह्यातल्याच एका नर्मदाकाठच्या गावात हिंदी शिकवत होते. खाली धरण झालं, पाणी मागे फुगलं आणि अर्धं गाव बुडालं. लोक वरच्या टेकाडावर सरकले. टेकाडापलीकडचा एक पाडा मात्र चारी बाजूंनी पाण्यात सापडून टापू झाला. तिथली मुलं शाळेत यायची ती लाकडी डोंग्यातून. एका पावसाळ्यात तो डोंगा उलटला. सगळ्यांना बाहेर काढलं, पण माझ्या वर्गातली रेखा नावाची मुलगी त्यानंतर पाण्याच्या काठाला यायला तयार होईना. तिची शाळा सुटली. रविवारी देवासला आले तेव्हा मी हे अक्काला सांगत होते. तुम्ही पेपर वाचत होतात. पेपर खाली न करताच म्हणालात, "उलटणारच. लाकूड तरंगतं म्हणून नाव तरंगते असं समजणारी माणसं तुमच्याकडची."

मी विचारलं, मग कशामुळे तरंगते? माझी चूक झाली. तुम्ही उठून न्हाणीघरातला मोठा टब भरलात आणि स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं, पातेलं, पेला, परात सगळं घेऊन आलात. अक्कानं दाल-बाफल्यांसाठी डाळ भिजत घातली होती, तीही उचललीत.

उलथनं टाकलंत, ते तळाला गेलं. पातेलं ठेवलंत, ते डुलत राहिलं. "पातेल्याचं वजन उलथन्यापेक्षा जास्त आहे. मग हे का बुडत नाही?" मी म्हटलं, पातेलं पोकळ आहे. तुम्ही म्हणालात, पोकळ तर तुमचं डोकंही आहे. मग मात्र नीट सांगितलंत, ते मी कबूल करते. पातेलं पाण्यात शिरतं तेव्हा तेवढ्या जागेतलं पाणी बाजूला सरतं. सभोवतालचं पाणी ती जागा परत मागतं, म्हणून पातेल्याला खालून वर रेटतं. बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन पातेल्याच्या वजनाएवढं झालं की पातेलं तिथेच थांबतं. उलथनं चपटं. ते पूर्ण बुडालं तरी स्वतःच्या वजनाइतकं पाणी त्याला सारता येत नाही, म्हणून तळ गाठतं. मग तुम्ही पातेल्यात मुठीमुठीनं डाळ टाकलीत. दर मुठीला ते थोडं खाली बसायचं आणि पुन्हा सावरायचं. पुढे उंच पेला पाण्यात उभा केलात, तो आडवा झाला. परातीत तेवढीच डाळ पसरलीत, तर परात हाताने दाबून तिरकी केली तरी सरळ व्हायची. "रुंद बूड आणि खाली वजन," तुम्ही म्हणालात. "एवढं एक वाक्य तुमच्या अख्ख्या जिल्ह्याला माहीत नाही."

मला ते वाक्य आजही पाठ आहे. आणि नंतर अक्का न्हाणीघराच्या फरशीवर बसून सांडलेली डाळ वेचत होती, तेही. तुम्ही हात पुसून परत पेपर घेतला होता.

तुम्ही नाव बांधाल असं मला वाटलं नव्हतं. पण महिन्याभरात तुम्ही आणि अक्का धारला माझ्या घरी सामानासह हजर झालात. नालछ्याला एका वर्कशॉपवाल्याशी तुमची जुनी ओळख होती. पंचायतीशी बोलणं तुम्ही मला न विचारता परस्पर केलं होतंत. रोज सकाळी बसनं नालछ्याला जायचं, संध्याकाळी लोखंडाचा वास घेऊन यायचं आणि माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव ठेवायचं, असा तुमचा क्रम. आमच्या घरातली भाषा ऐकून तुम्ही म्हणायचात की इथे माणसं जेवत नाहीत, भोजन करतात. वेल्डरच्या जोडकामाला तुम्ही म्हणालात, याहून तुझ्या बायकोनं गोधडी बरी शिवली असती. तो काम सोडून गेला. दुसऱ्या दिवशी अक्का डबा घेऊन त्याच्या घरी गेली आणि त्याला परत घेऊन आली. हे पुन्हा एकदा झालं. तुम्हाला वाटत राहिलं की तो तुमच्या दराऱ्यामुळे परत येतो.

पण नाव तुम्ही चांगली बांधलीत. रुंद, सपाट बुडाची, काठ उंच, बसायच्या फळ्या मुद्दाम खाली, जवळजवळ तळाला टेकलेल्या. बाहेरच्या अंगाला चारी बाजूंनी लाल रंगाची पट्टी ओढलीत आणि सरपंचाला सांगितलंत की ही पट्टी पाण्याखाली गेली तर शेवटी चढलेल्या माणसाला उतरवायचं, मग तो तुझा बाप असला तरी. घाट उतरवून ट्रॉलीतून ती काठावर आणली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. एवढं लोखंड पाण्यात सोडायचं म्हणजे काय, असं बायका आपसात म्हणत होत्या. एका म्हातारीनं पत्र्याला कुंकू लावलं. तुम्ही तोंड फिरवलंत. नाव उतारावरून घसरली, पाण्यात शिरली, एकदा खाली गेली आणि वर येऊन थांबली. लाल पट्टी पाण्याच्या हातभर वर होती. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून त्या पट्टीकडे पाहत होतात आणि तुमच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अक्का माझ्या कानात म्हणाली, "लग्नातसुद्धा असे दिसले नव्हते गं."

त्या एका क्षणापुरती मी तुमच्या बाजूची होते. लगेच तुम्ही वळून लोकांना म्हणालात, "देख लिया? अब मुँह बंद करो."

तरंगण्याचं झालं, आता चालवायचं. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन तुम्ही बसवलं होतंत आणि मागे पाण्यात फिरणारा पितळी पंखा. त्याचंही व्याख्यान झालं. पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून पाणी नावेला पुढे ढकलतं. नावेला पाण्यात टेकायला दुसरं काही नाही, तेव्हा पाण्यालाच रेटा द्यायचा. "ढकलल्याशिवाय जगात कुणी पुढे जात नाही," असं एक वाक्य जोडलंत, ते तुमचं स्वतःचं. मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं की भाऊजी, खाली गाव आहे. शेतं आहेत, बाभळी आहेत, तारा आहेत. तुम्ही म्हणालात, पंडितीणबाई, मी गोदीतून आलोय.

नाव मोठ्या झोकात निघाली. काठावरच्या पोरांनी आरडाओरडा केला. जराशी आत गेली आणि इंजिनाचा आवाज चिरका झाला, मग बंदच पडलं. पंख्याला बुडालेल्या बाभळीची फांदी आणि कुणाच्या तरी शेतातली ठिबकची नळी असं सगळं गुंडाळलं गेलं होतं. तुम्ही पाण्याच्या मध्यावर, पांढऱ्या शर्टात, हातात पाना घेऊन उभे. शेवटी तो लाकडी डोंगाच आला आणि दोर बांधून तुम्हाला काठाला घेऊन आला. मी हसले, भाऊजी. लपवून नाही, चांगली खळखळून हसले. तेवढं सुख मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

दोन दिवस तुम्ही वर्कशॉपकडे फिरकला नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सहज म्हटलं की रस्त्यावर झाडं नसतात. बुडालेल्या गावाचा रस्ता लोकांना पाठ आहे; नाव त्या रस्त्यानंच नेली तर पंख्यात काही अडकणार नाही. तुम्ही घास गिळलात आणि म्हणालात, "ते मला सुचलंच होतं." अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून वाढत राहिली. मग गावकऱ्यांनी जुन्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लांब बांबू रोवले, त्यांना लाल चिंध्या बांधल्या. पंख्याभोवती तुम्ही सळ्यांची जाळी केलीत. आणि नाव चालली. ती गावाच्या मुख्य रस्त्यावरून जायची, जुन्या शाळेजवळ वळायची आणि टापूकडे निघायची. बायका खाली बोट दाखवून म्हणायच्या, यहाँ हमारा चूल्हा था. तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात की हात आत घ्या.

त्या नावेतून मुलं शाळेत येऊ लागली. रेखाही आली. पहिले काही दिवस ती डोळे मिटून बसायची, पुढे उघडे ठेवू लागली. एवढं मी तुमचं देणं लागते आणि ते मी नाकारत नाही. तुम्ही तिला कधी नावानं हाक मारली नाहीत. "ए, डरपोक" म्हणायचात. ती त्याला ओ द्यायची.

आता लोक चुकीचं सांगतात त्या दिवसाचं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो. त्या वर्षी तो दिसायला लागल्याची बातमी आली आणि गावातल्या बायकांनी नावेतून दर्शनाला जायचं ठरवलं. तुम्ही देवाधर्माची यथेच्छ टिंगल करून झाल्यावर म्हणालात की इंजिन मी स्वतः बघेन, नाहीतर ही मेंढरं नाव बुडवतील. अक्का आणि मी बरोबर होतो, आणि आयांबरोबर काही मुलंही, रेखासुद्धा. नाव भरली, पण तुम्ही दोनदा वाकून पट्टी पाहिली होतीत. ती पाण्यावर चांगली दिसत होती. वजन जास्त झालेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर काही शहाण्यांनी तसंही म्हटलं.

वळण घेतलं आणि उजव्या हाताला कळस दिसला. काळपट झालेला, शेवाळलेला, पाण्यातून हातभर वर. सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या आणि उजवीकडे धावल्या. कुणी हात जोडले, कुणी फुलं टाकायला वाकलं, मागच्या पुढच्यांना रेटू लागल्या. नाव उजव्या अंगावर कलली. काठ पाण्याला टेकला आणि पाणी आत आलं, गोणीतून धान्य सांडावं तसं. माझ्या पायाखालची फळी तिरकी झाली. मी समोरच्या बांबूकडे पाहत होते आणि तो वाकडा दिसत होता.

तुम्ही ओरडलात. "बैठो! सब बैठ जाओ! जहाँ हो वहीं बैठो, जानवर कहीं के!"

हा तुमचा आवाज पुढे फार गाजला. साहेबांच्या एका आवाजानं नाव वाचली, असं पंचायतीत म्हणतात, कॉलनीत म्हणतात. मी तिथे होते, भाऊजी. तुमच्या आवाजानं कुणीही बसलं नाही. त्या बायका तुमचं ओरडणं महिनोन्महिने ऐकत होत्या. त्यांना वाटलं, म्हातारा नेहमीसारखा चिडलाय. काही जणी उलट घाबरून दुसरीकडे पळायला निघाल्या, आणि तसं झालं असतं तर नाव त्या अंगाला पडली असती.

बसली फक्त अक्का. तुमचा "बै" ऐकला त्याच क्षणी ती जिथे होती तिथे, आत आलेल्या पाण्यात, मांडी घालून बसली. विचार न करता, इकडेतिकडे न पाहता. आणि बसता बसता तिनं दोन्ही बाजूंच्या बायकांचे पदर धरून त्यांना खाली ओढलं. त्या पडल्या तशा त्यांच्या शेजारच्याही बसल्या. मग सगळ्या. वजन उंचावरून खाली आलं, नाव क्षणभर तशीच तिरकी राहिली आणि मग तुमच्या त्या परातीसारखी हळूहळू सरळ झाली. इंजिन चालूच होतं. रेखा माझ्या पायाला मिठी मारून बसली होती.

काठाला लागल्यावर बायका आपापल्या पोरांना पोटाशी धरून रडल्या. तुम्ही काठावरच्या एका दगडावर बसलात. हातातला पाना तुम्ही उगाच पुसत होतात. अक्का ओलं लुगडं पिळत होती. तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "नेमकं काय करायचं ते तुला कळलं. तुला एवढी अक्कल असेल असं मला वाटलं नव्हतं."

तुमच्याकडून आलेली ही तिची पहिली तारीफ. अक्कानं पिळायचं थांबवलं नाही. म्हणाली, "अक्कल नाही हो. सवय."

ती रागानं बोलली नव्हती. जे होतं ते सांगितलं, इतकंच. घाट चढून, मांडूवरून, नालछ्यावरून धारला येईपर्यंत जीपमध्ये तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसालाच कळेल की ती केवढी गोष्ट होती. मला वाटलं, आता काहीतरी होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहा पाणचट आहे म्हणालात.

पावसाळ्याआधी पंचायतीनं तुमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. माईकवर तुम्ही बोललात ते बूड कसं असावं, पट्टी कशी असावी, आणि तिथल्या लोकांना शिस्त कशी नाही. तुमच्या एका आवाजानं नाव वाचली असं सरपंच म्हणाला, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. अक्का बायकांत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मी वाट पाहत होते, भाऊजी. शेवटपर्यंत वाट पाहिली. तुम्ही शाल सावरून खाली उतरलात.

संध्याकाळी घरी मी तुम्हाला विचारलं, अक्काचा उल्लेख का केला नाहीत? अक्का शेजारी गेली होती. तुम्ही खूप वेळ चष्मा पुसलात. मला वाटलं होतं, नेहमीसारखं पंडितीणबाई म्हणून उडवून लावाल. तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "काय सांगू? लोक विचारतील, सवय कशाची."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. एवढी वर्षं मी तुम्हाला आंधळा समजत होते आणि म्हणून थोडं माफ करत होते. त्या दिवशी समजलं की तुम्हाला सगळं लख्ख दिसत होतं, आणि पाहूनही तुम्ही शाल घेतलीत. माझा तिरस्कार तेव्हापासूनचा आहे. आधीचा तो नुसता वैताग होता.

मी उठून आत गेले. तुम्ही दोघं देवासला परत गेलात आणि मी तुमच्याशी बोलणं टाकलं. अक्काला फोन करायचे, तिला धारला बोलवायचे. तुम्ही उचललात तर ठेवून द्यायचे. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे त्याच वेळी उत्तर होतं. "मग सांगायचं." दोनच शब्द. लोकांनी विचारलं असतं सवय कशाची, तर सांगायचं. गावातल्या निम्म्या बायकांना न सांगताही कळलं असतं. मी ते उत्तर जिभेवर ठेवून दोन वर्षं घालवली. गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला की तुमच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय. मी धारहून निघाले आणि इंदूरच्या गर्दीत अडकले. पोहोचले तेव्हा तुम्ही गेला होतात.

मला त्याचं वाईट वाटतं, हे लिहायला मला आवडत नाही. भांडायला तुमच्यासारखं माणूस मला पुन्हा मिळायचं नाही. बाकी सगळे जण मी काही बोलले की हो हो म्हणतात.

काल इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्याचा काल अनुभव आला. तुम्हाला मृदुभाषी म्हटलं गेलं. कुटुंबवत्सल म्हटलं गेलं. एकानं भवसागर आणि नौका असं बरंच काही केलं. त्याला तुमच्या नावेचं बूड सपाट होतं की गोल हेही माहीत नव्हतं. मंडळाचा ठराव एका तरुण मुलानं वाचला. बिचाऱ्याचं सगळं शिक्षण हिंदीत. "सद्गती" शब्दाशी तो तीनदा अडखळला. तुम्ही असतात तर त्याला तिथल्या तिथे सोललं असतंत. मला त्या मुलाचा राग आला नाही. सगळ्या भाषणांत तेवढंच एक प्रामाणिक होतं.

शेवटी अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं की कुटुंबातल्या कुणाला काही बोलायचं आहे का. मी उठणार होते. मनात सगळं जुळवून आणलं होतं, डाळीपासून शालीपर्यंत. माझ्या आधी अक्का उठली. माईकपाशी गेली नाही, आपल्या खुर्चीजवळूनच बोलली. तिचा आवाज लहान आहे, म्हणून हॉल आपोआप शांत झाला.

ती म्हणाली, "ते फार ओरडायचे. मी जन्मभर त्यांना भीत होते. आता कुणी ओरडत नाही, तर मला रात्रीची झोप लागते. पण नाव त्यांनी चांगली बांधली. त्यात मुलं रोज बसतात. तेवढं चांगलं म्हणा त्यांना. बाकीचं नका म्हणू, ते खरं नाही."

एवढं बोलून बसली. अध्यक्ष समोरचे कागद चाळू लागले. तुमचा धाकटा मुलगा जमिनीकडे पाहत होता. मी जे पानंच्या पानं बोलणार होते ते तिनं तेवढ्यात संपवलं, आणि माझ्यापेक्षा न्यायानं.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी रिक्षात बसलो. कॉलनीच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "शालू, त्यांना आवडलं असतं का गं हे?"

मी म्हटलं, नाही. मुळीच नाही.

"हो ना," ती म्हणाली, आणि रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. दवाखान्यात नाही, चितेपाशी नाही, तेराव्याला नाही. तिथे रिक्षात, तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. घर आता जवळ आलं होतं आणि घरी तुमच्याकडची सगळी माणसं बसली होती.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भिया, अभी घर नहीं जाना. टेकरी का एक चक्कर लगा लो. धीरे चलाना."